काळ्या मातीत रोवलेला खांब

वैशाखात अकोल्याहून अकोटच्या वाटेला लागलं आणि गांधीग्रामला पूर्णा ओलांडली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरांची कुंपणं दिसू लागतात. पऱ्हाटी उपटून झालेली असते, जमीन उघडी पडलेली असते, त्यामुळे कुंपणाचा एकेक खांब लांबून नजरेत भरतो. त्यातला सरळ उभा खांब शोधावा लागतो. एक पूर्वेला कललेला, दुसरा पश्चिमेला. तिसरा जागच्या जागीच वीतभर वर आलेला, त्याच्यावरच्या तारेला झोळ पडलेला. परक्या माणसाला वाटतं, आळसानं रोवले असतील. मी त्याच पट्ट्यातल्या गावात वाढलो. यातला जवळजवळ प्रत्येक खांब दीड-दोन हात खोल खड्ड्यात, सब्बलीनं माती ठोकून, घाम गाळून बसवलेला आहे हे मला ठाऊक आहे. रोवणाऱ्याच्या हाताचा त्यात दोष नाही. खांब ज्या जमिनीत उभा आहे ती जमीनच दरसाल हलते.

तशा जमिनीत लाकडी खांब कसा रोवायचा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत खड्ड्याची मापं, मुरमाचे थर, कोपऱ्याचे टेकू हे सगळं येईल. पण ती मापं तशी का ठरली हे कळलं नाही, तर आपल्या वावरात ती बदलायची कुठे आणि किती हेही कळणार नाही. म्हणून ही चार पानं आधी. खांब रोवण्याच्या बहुतेक छापील सूचना दुसऱ्याच मातीसाठी लिहिलेल्या असतात. थंड मुलखात जमिनीतलं पाणी गोठतं आणि खांबाला वर ढकलतं, म्हणून तिकडे गोठणाऱ्या थराच्या खाली जायला सांगतात. वऱ्हाडात बर्फ नाही, तरी खांब उचलला जातो तो अगदी तसाच. इथे त्याला उचलते ती ओली चिकणमाती.

कुंपण कशासाठी, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचा कळप एका रात्रीत एकर तुडवून जातो. रानडुकरं भुईमूग उकरतात, मका आडवा करतात. पौषाच्या थंडीत शेकोटी पेटवून, डबा वाजवत जागल करणारी माणसं अकोट, पातूर, बार्शीटाकळी या तालुक्यांत अजून घराघरांत आहेत. रात्री जागलेला माणूस सकाळी पुन्हा वखरामागे उभा राहतो. चांगलं कुंपण त्याला झोप देतं, आणि माझ्या लेखी कुंपणाची किंमत तिथून मोजायला हवी.

आता थोडा हिशोब. चौकोनी एकराचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो. दर १० फुटांवर एक खांब धरला तर ८४ खांब लागतात. चार एकरांचा चौकोन घेतला तर घेर चौपट होत नाही, दुप्पटच होतो. १६७ खांबांत काम भागतं. म्हणजे चार शेजाऱ्यांनी आपापला एकर वेगळा वेढला तर ३३६ खांब, आणि मिळून वेढला तर त्याच्या निम्मे. धुऱ्यावरून भांडणं होतात तशी धुऱ्यावरून बचतही होते. ज्या गावांनी हे जमवलं तिथे वाचलेल्या पैशांत कोपऱ्याचे खांब भक्कम घेता येतात, आणि कुंपण टिकतं की पडतं हे कोपऱ्यावरच ठरतं. त्याकडे पुढे येतोच.

खांब रोवणं हे काम आपल्या भाषेत फार आतपर्यंत गेलेलं आहे. नव्या कामाची ‘मुहूर्तमेढ रोवली’ असं आपण सहज म्हणतो. त्यातली मेढ म्हणजे खांबच. खळ्यात मधोमध मेढ रोवून तिच्याभोवती बैल फिरवायचे आणि कणसं तुडवून घ्यायची, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आणि ‘खुंटा हलवून बळकट करणं’ हा वाक्प्रचार तर सरळ आमच्याच कामातला. रोवून झालं की खुंटा हलवून पाहायचा, जिथे सैल लागेल तिथे पुन्हा ठोकायचा. काळ्या मातीत मात्र ही परीक्षा फसवते. मार्गशीर्षात हलवून पाहिलेला खांब दगडात बसवल्यासारखा घट्ट लागतो. तोच वैशाखात बोटानं डुलतो. खुंटा हलवायचा तो वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि उन्हाळा भरात असताना.

याचं कारण मातीच्या पोटात आहे. दख्खनच्या लाव्हारसातून थिजलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हजारो वर्षं झिजून ही रेगुर माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी या पानांच्या मध्ये शिरतं, पानं फाकतात, माती फुगते. पाणी गेलं की पानं मिटतात, माती आक्रसते आणि तडकते. ऐन उन्हाळ्यातल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, कुठे खांद्यापर्यंतही. वरची भुसभुशीत माती या भेगांत ओघळते. पाऊस आला की खालची माती फुगते, पण भेगेत तर आधीच माती भरलेली; मग ती बाजूला आणि वर सरकते. अशी ही जमीन वर्षानुवर्षं स्वतःलाच ढवळत असते. मृदाशास्त्रात या जातीच्या जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात. त्या नावाच्या मुळाशी ‘उलटणे’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

या ढवळणीत खांब सापडतो. पावसाळ्यात फुगणारी माती त्याला सगळीकडून आवळते आणि वर येताना सोबत उचलते. उन्हाळ्यात ती त्याला सोडते, खांबाभोवती बोटभर फट पडते. खांब खाली बसायला हवा, पण त्याच्या बुडाखालच्या पोकळीत मातीचे खडे घरंगळलेले असतात. तो बसतो तो त्यांच्यावर, थोडा वरच. पुढच्या पावसात पुन्हा तेच. एका वर्षात फरक जाणवत नाही. पाच-सहा वर्षांत खांब वीतभर बाहेर येतो. शिवाय ती फट म्हणजे पहिल्या पावसाच्या पाण्याला थेट बुडापर्यंत जाण्याची वाट. एका बाजूची माती आधी भिजते, दुसरीकडची कोरडीच राहते, आणि खांब कलतो.

एकट्या अकोला जिल्ह्यात जमिनीचे तीन मुलूख आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. दक्षिणेला पातूर आणि बार्शीटाकळीच्या डोंगराळ भागात हातभर खणलं की मुरूम, त्याखाली पाषाण. तिथे खड्डा खणणं हेच काम. एकदा खणला की दगडाच्या पाचरी मारून खांब असा आवळता येतो की पिढीभर पाहायला नको. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातून वाहून आलेले गोटे आणि रेताड माती आहे. तिथे पाणी झिरपून जातं, खांब सहसा उचलला जात नाही, पण सैल होतो. आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णेचं खोरं, जिथे माती किती खोल आहे हे विहीर खणणाऱ्यालाच विचारावं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. इथलं भूजल खारं आहे, मातीत सोडियम जास्त आहे, त्यामुळे ओली झाली की ती विरघळल्यासारखी होते, पाणी पुढे जाऊ देत नाही. या पट्ट्यात तार लवकर गंजते, आणि धोंडा शोधायचा म्हटलं तर चार कोस सापडत नाही. मुरूम ट्रॉलीनं आणावा लागतो. ही पुस्तिका मुख्यतः या मधल्या मुलखासाठी आहे, कारण खांबाचे सर्वांत जास्त हाल इथेच होतात.

माझ्या वडिलांनी कुंपण घातलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, सिमेंटात बसवा, जन्माची काळजी मिटेल. घरात पैसा बेताचा होता, तरी त्यांनी सिमेंट आणलं, वाळू-गिट्टी आणली, आणि बाभळीचे खांब कालवलेल्या सिमेंटात उभे केले. तिसऱ्या पावसाळ्यात एकेक खांब सिमेंटाच्या काठाशी मोडू लागला. लाकूड वाळून आक्रसलं होतं, सिमेंट आणि लाकूड यांच्यामध्ये फट पडली होती, त्यात पाणी साचत होतं. कुजणं नेमकं तिथेच झालं. जे मोडले नाहीत ते सिमेंटाच्या गोळ्यासकट वर आले. गुळगुळीत, गोल, तळाकडे निमुळता गोळा. फुगणाऱ्या मातीला उचलायला याहून सोपं काय असणार. त्या वर्षी आमचा हरभरा रोह्यांनी खाल्ला. वडील धुऱ्यावर बसून मोडक्या खांबांकडे पाहत होते, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. या विषयाकडे मी वळलो तो त्या दिवसामुळे.

वडिलांच्या फसलेल्या खांबांचं गणित खरं तर मोठ्या बांधकामांच्या शास्त्रात सुटलेलं होतं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या मातीतल्या घरांसाठी एक खास पाया घडवला. जमिनीत खोल छिद्र घ्यायचं आणि त्याचा तळ कांद्यासारखा रुंद करायचा. तो फुगवटा छिद्राच्या बहुधा अडीचपट रुंद. वरची माती कितीही फुगली तरी खालचा कांदा त्या खांबाला धरून ठेवतो. भारतीय मानकात अशा पायाची खोली किमान साडेतीन मीटर सांगितली आहे, कारण त्याखाली ऋतूंचा परिणाम फारसा पोचत नाही. कुंपणाच्या खांबासाठी कुणी साडेतीन मीटर खणणार नाही. पण तळ रुंद आणि तोंड अरुंद ही कल्पना आपल्याला घेता येते. आमच्या गावातले एक म्हातारे वाढई ती कोणत्याही मानकाशिवाय वापरत होते. ते झाडाचा जाड बुडखा कधी छाटत नसत. बुडखा खाली ठेवत आणि त्याच्या वर वीतभरावर एक आडवी खुंटी आरपार ठोकत. मी विचारलं तर म्हणाले, “भाऊ, जमीन तं जित्ती हाये. तिले हालू द्या. खांबाले खालून धरा, वरून काहून धरता?”

दुसरी गोष्ट मुंबईच्या आयआयटीतली. तिथले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ काळ काम केलं. फुगणारी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा थर दिला तर फुगण्याचा जोर त्या थरात जिरतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि कालव्यांच्या अस्तराखाली ती पद्धत वापरात आली. अशी माती म्हणजे आपल्याकडे चांगला, थोडा मातकट मुरूम. यातला ‘चिकटून बसणारी’ हा शब्द महत्त्वाचा. खांबाच्या खड्ड्यात नुसती गिट्टी भरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. रेताड जमिनीत तो बरोबर आहे, पाणी गिट्टीतून खाली निघून जातं. काळ्या मातीत खाली जायला वाटच नसते. भोवतीची जमीन पाणी धरून बसते आणि गिट्टी भरलेला खड्डा म्हणजे खांबाच्या पायाशी रांजण होतो. मी स्वतः ही चूक दोन वेळा केली आहे. म्हणून या पुस्तिकेत पूर्णाकाठच्या जमिनीसाठी मी गिट्टी सांगितलेली नाही. मातकट मुरूम, वीतभराचे थर, प्रत्येक थर किंचित ओला करून सब्बलीच्या बोथट टोकानं ठोकलेला, आणि वर खांबाभोवती उतरती पाळ, म्हणजे पाणी लांब पळेल.

वेळेचंही तसंच. खड्डा खणायचा तो वापशावर. आषाढात माती सब्बलीला गोंदासारखी चिकटते, वैशाखात टिकास उसळून हाताला झिणझिण्या आणते. दिवाळीनंतर, कपाशीची पहिली वेचणी आटोपली की पौषापर्यंतचे दिवस या कामाचे. तेव्हा माती ना फुगलेली ना आक्रसलेली असते. खांबाला तिची मधली स्थिती मिळते आणि पुढे दोन्हीकडची ओढ निम्मी होते. मजुरी मात्र नेमकी याच दिवसांत महाग असते, वेचणीमुळे. यावर मला तोडगा सापडलेला नाही. एका साली एक बाजू, असं चार सालांत चारी बाजू करणारे शेतकरी मी पाहिले आहेत आणि ते शहाणे वाटतात.

लाकडाबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात, तेव्हा थोडं इथेच सांगतो. खांब मातीच्या आत खोलवर सहसा कुजत नाही, हवेतही नाही. तो कुजतो जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. तिथेच उधईही लागते. टिकतो तो लाकडाचा गाभा. सालीलगतचं पांढरं लाकूड कोणत्याही झाडाचं असो, उधईचं खाद्यच. साग, अंजन, खैर यांचा गाभा उत्तम, बाभळीचा बरा, सालईचं लाकूड कुंपणाला नको. साल काढलीच पाहिजे, तिच्याखाली ओल आणि कीड दोन्ही राहतात. खांबाचं बुड जाळून काळं करण्याची रीत जुनी आहे. मला तिचा फायदा थोडाच दिसला, कारण जळकं कवच वाळताना तडकतं आणि आतलं लाकूड उघडं पडतं. डांबर फासायचं तर पूर्ण वाळलेल्या लाकडाला. ओल्या लाकडावर फासलं तर ओल आत कोंडली जाते. खांबाला औषध पाजण्याची जी पद्धत पुढे जगभर पसरली ती आपल्याच देशातली: डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण शोधलं. दाब देऊन ते लाकडात भरलं की साधं लाकूडही बरीच वर्षं टिकतं. त्यातल्या आर्सेनिकमुळे पुढे अनेक देशांनी घरगुती वापरावर बंधनं आणली. असं औषधी लाकूड चुलीत कधी घालू नये, त्याच्या राखेतही विष उरतं. आणि एक कायद्याची गोष्ट. साग, खैर, अंजन अशी काही झाडं आपल्या स्वतःच्या धुऱ्यावरची असली तरी ती तोडायला १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते. जुन्या पडक्या घरांतलं सागवान विकत मिळतं, ते कुंपणाला सोन्यासारखं.

आता कोपरा. काटेरी तार अमेरिकेत जोसेफ ग्लिडननं १८७४ मध्ये पेटंट केली, आणि तेव्हापासून कुंपणाच्या खांबाचं काम बदललं. बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी स्वतःच्या वजनावर उभी राहते, तिच्यातली मेढ फक्त आधार देते. तार ओढून ताणावी लागते, आणि तो सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो. मधले खांब तारेचं ओझं तेवढं वाहतात. मधला खांब कलला तर तार त्याला सावरते. कोपरा कलला तर सगळी बाजू ढिली पडते. तरी आपण सगळे खांब एकाच मापाचे आणतो. कोपऱ्यापासून सहा-आठ फुटांवर दुसरा जाड खांब रोवून दोघांच्या माथ्यांमध्ये आडवं लाकूड अडकवावं, आणि दुसऱ्या खांबाच्या माथ्यापासून कोपऱ्याच्या बुडापर्यंत तिरपी तार घेऊन तिला काठीनं पीळ द्यावा. कुंपण कोपऱ्याला आत ओढू लागलं की आडवं लाकूड तो जोर दुसऱ्या खांबाच्या माथ्यावर नेतं आणि तिरपी तार त्याला कोपऱ्याच्या बुडाशी बांधून ठेवते. नुसता तिरपा टेकू काळ्या मातीत वर्षभरात रुततो.

काही वाचक विचारतील, झटका मशीन आल्यावर लाकडी खांबाचं काय काम. सौर बॅटरीवरचं ते यंत्र थांबून थांबून झटके देतं, जनावर दचकून मागे फिरतं. त्याची तार लोखंडी खांबावर नेली तर प्रत्येक ठिकाणी वीज अडवणारं चिनी मातीचं किंवा प्लॅस्टिकचं बोंडूक लागतं, आणि एक फुटलं तर झटका जमिनीत जातो. कोरड्या लाकडावर हे नुकसान कमी. म्हणजे लाकडी खांबाची गरज उलट वाढलीच. पण घरच्या मीटरवरून थेट तारेत वीज सोडणं, हे मात्र कुणी कधीही करू नये. त्यात माणसं मेली आहेत, शेजारची, घरचीही.

जिवंत खांबाचा एक मार्ग या पुस्तिकेत मी शेवटच्या प्रकरणापुरता ठेवला आहे. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत वेलींना आधार म्हणून पांगारा आणि शेवरी लावतात; पांगाऱ्याची फांदी मातीत खोचली की मूळ धरते. मुळं धरलेला खांब काळ्या मातीबरोबर हलतो, तिच्याशी भांडत नाही. त्याला तार मात्र खिळ्यानं ठोकू नये, सैल बांधावी.

आमच्या वावराच्या दक्षिण कोपऱ्यात एक सागवानी खांब आहे. पडलेल्या घराच्या ओसरीतला तो. वडिलांचं सिमेंटाचं कुंपण गेल्यावर त्या वाढईबुवांनी रोवून दिलेला. बुडाशी आरपार खुंटी, भोवती मुरूम. ते गेले, वडीलही गेले. गेल्या अक्षय्य तृतीयेला मी त्याला हलवून पाहिलं. भोवतीच्या जमिनीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि त्या सगळ्या मुरमाच्या कडेपर्यंत येऊन थांबल्या होत्या.